गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. घरात सर्वांनी मत दिले, मला मात्र कोणी विचारले नाही

निशिगंधा (सोलापूर) :

नमस्कार. मी येथे अनेक वर्षे वाचनमात्र आहे; स्वतःचा धागा काढण्याची ही पहिलीच वेळ. मन फार अस्वस्थ आहे, तरी शक्य तितके क्रमाने मांडते.

माझे वय ३४ वर्षे. माहेर बार्शीचे, सासर सोलापुरातच. सासऱ्यांनी अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचा लहानसा कारखाना उभा केला, तो आता यजमान पाहतात. मी एका खासगी शाळेत गणित शिकवते. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या वेळी सातवा महिना सरल्यावर माझा रक्तदाब एकाएकी वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि ३४ व्या आठवड्यात रात्री अडीच वाजता तातडीने सिझेरियन करावे लागले. मुलगी १८ दिवस काचेच्या पेटीत होती. घरात त्या दिवसांची गोष्ट ‘शेवटी दोघी सुखरूप घरी आल्या’ एवढ्या एका वाक्यात सांगून संपते. मला मात्र त्या खोलीतील यंत्राची टिकटिक अजूनही कधी कधी मध्यरात्री ऐकू येते.

आता निरोध वापरत असतानाही दिवस राहिले आहेत. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सिद्धेश्वरांच्या देवळात जाऊन नारळ फोडला आणि ‘या वेळी नातू’ असेही बोलून झाले. माझी आई फोनवर म्हणाली की मुलीला पाठीवर कोणीतरी हवेच. नणंदबाईंचे म्हणणे असे की वय वाढण्याआधी हे झालेले बरे. यजमान म्हणाले, ‘तुला हवे तसे कर, पण बाबांना किती वाईट वाटेल तेवढे लक्षात ठेव.’ आठ दिवस झाले, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते मला मोकळीक देत आहेत की बांधून ठेवत आहेत, हेच मला उलगडत नाही. माणूस वाईट नाही. मुलीला रोज शाळेत तेच सोडतात, माझी नोकरी त्यांच्याच आग्रहामुळे टिकली आहे.

गेल्या सोमवारी तपासणीसाठी गेलो होतो. सोनोग्राफी झाली, मी पोटावरचे जेल कागदाने पुसत होते, आणि डॉक्टरांनी पडद्यापलीकडे खुर्चीत बसलेल्या यजमानांना विचारले, ‘मग, ठेवायचे आहे ना?’ ते ‘हो’ म्हणाले. मी पडद्याच्या अलीकडे उभी राहून साडीच्या निऱ्या खोचत होते. मी बाहेर येईपर्यंत फाइलवर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि पुढची तारीख लिहून झाली होती.

मूल नकोच आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मला भीती वाटते, आणि त्या भीतीला आमच्या घरात बसायला जागा नाही. स्वागतकक्षातील मुलीला मी हळूच विचारले, तेव्हा ‘ठेवायचे नसेल तर मिस्टरांची सही लागेल’ असे तिने सांगितले. हे खरे आहे काय? माझ्याजवळ विचार करायला किती दिवस आहेत? आणि जे मी कोणालाच विचारू शकले नाही ते येथे विचारते : नवऱ्याचे दुःख आणि माझी भीती यांतले आधी कोणते धरायचे?

—

निवृत्त परिचारिका :

निशिगंधा, वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून एकेरी लिहिते. सरकारी रुग्णालयाच्या बाळंतपण विभागात माझी ३१ वर्षे गेली.

सहीचे आधी सांगते, कारण त्यावाचून तुला झोप लागायची नाही. नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने संमती एकाच व्यक्तीची मागितली आहे, ती गर्भवती स्त्रीची. ती १८ वर्षांखालील असेल किंवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल, तरच पालकाची लेखी संमती घ्यावी लागते. त्या संमतीच्या कागदाला ‘फॉर्म सी’ म्हणतात. तरीही कितीतरी दवाखाने नवऱ्याची सही मागतात, कारण उद्या घरची मंडळी भांडायला आली तर आपल्या हातात कागद असावा असे त्यांना वाटते. त्यांची ती सोय आहे, तुझ्यावरचे बंधन नव्हे.

आता दिवसांचे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ९ आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करता येतो. पुढे १२ आठवड्यांपर्यंत साधारणपणे निर्वात पद्धतीने, म्हणजे नळीने ओढून, गर्भपिशवी रिकामी करतात, आणि २० आठवड्यांपर्यंत कायद्याला एका डॉक्टरांचे मत पुरते. म्हणजे गोळ्यांसाठी तुझ्याजवळ थोडेच दिवस उरले आहेत, पण विचार करण्यासाठी त्याहून जास्त आहेत. घाबरून आज रात्रीच काही ठरवू नकोस. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी घेण्याचा विचार मात्र मनातही आणू नकोस. तुझे एक सिझेरियन झालेले आहे. किती रक्त जाते आहे आणि पिशवी पूर्ण रिकामी झाली की नाही, हे पाहणारे जाणते माणूस हवे.

तुझी भीती हा मनाचा खेळ नाही. एकदा गरोदरपणात असा रक्तदाब झालेल्या बाईला पुढच्या खेपेस तो होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि पहिल्या वेळी तो जितका लवकर झाला असेल तितका जास्त. गर्भ ठेवायचा ठरला, तर साधारण बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, मूत्रपिंडाच्या तपासण्या आधीच करून घेतात, रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवायला सांगतात. ॲस्पिरिनने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. हे सारे तुला समोर बसवून कोणी समजावले आहे काय? ते समजल्याशिवाय तू दिलेला होकारही अर्धा आणि नकारही अर्धा.

नोकरीत एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. बाई तपासायला येते तेव्हा तिच्याबरोबर सासू, नणंद, नवरा असे कोणी ना कोणी असतेच, आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर त्यांच्याकडून येते. पुढे मी त्या सोबतच्या माणसाला केसपेपरवर शिक्का मारून आणायला खिडकीवर पाठवू लागले. रांगेत निदान दहा मिनिटे जात. एकदा विड्या वळणारी एक बाई आली होती, चौथ्या खेपेची. बोटांना तंबाखूचा वास, अंगावर रक्त नाही, हिमोग्लोबिन ७. सासू बाहेर गेल्यावर मी विचारले, ‘बाई, तुला स्वतःला काय वाटते?’ ती बराच वेळ माझ्याकडे नुसती पाहत राहिली, आणि अर्धे तेलुगू, अर्धे मराठी बोलत म्हणाली, ‘सिस्टर, हे मला कोणी इचारलंच नव्हतं, थांबा, मला जरा इचार करू द्या.’ नकार देणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, होकार देणाऱ्याही पाहिल्या होत्या. आपले मत काय आहे हे शोधायलाच वेळ मागणारी बाई त्या दिवशी प्रथम पाहिली. तुझ्या लिहिण्यात मला तीच दिसली.

दुसऱ्या भेटीची वेळ घे, आणि आत गेल्या गेल्या सांग की आधी मला एकटीला बोलायचे आहे.

—

वकीलकी :

वरील माहिती बरोबर आहे. थोडी भर घालतो. आपला कायदा स्त्रीने मागितले की मिळाले अशा स्वरूपाचा नाही. जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या प्रकृतीला गंभीर इजा, गर्भातील गंभीर व्यंग अशी कारणे त्यात सांगितली आहेत आणि त्यांवर डॉक्टरांचे प्रामाणिक मत लागते. आपल्या बाबतीत दोन कारणे उघड दिसतात. एक, पूर्वीच्या बाळंतपणाचा इतिहास. दुसरे, गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे. त्यातून राहिलेला गर्भ नको असल्यास त्याचा त्रास हा मनाच्या प्रकृतीला झालेली गंभीर इजा आहे, असे २० आठवड्यांपर्यंत कायदा मानू देतो. पूर्वी ही सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. त्याच दुरुस्तीनुसार आपले नाव व तपशील उघड करणे हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. कुटुंबाची संमती मागण्यासारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. याच्या उलट बाजूही लक्षात असावी : स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडवून आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

‘या वेळी नातू’ हे वाक्य मला खटकले, म्हणून सावध करतो. गर्भाचे लिंग पाहण्याची सूचना घरात कोणी केली, तर १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली ती सुचवणाराही अडकतो. त्या कायद्यात मला नेहमी विचारात पाडणारी एक तरतूद आहे. अशी तपासणी झालेल्या स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते, आणि तसे नव्हते हे दुसऱ्या पक्षाने सिद्ध करायचे असते. घराच्या चार भिंतींत बाईचा आवाज किती पोहोचतो, याची कायदा करणाऱ्यांना पुरती जाणीव होती असे ते कलम वाचताना वाटते.

पैशांची अडचण असो वा नसो, विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. तशी वेळ येऊ नये, पण माहीत असावे.

—

एक बाप :

निशिगंधाताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नावर पुरुष म्हणून लिहितो आहे. हे मी आजवर एका मित्राखेरीज कोणाला सांगितलेले नाही.

२०१६ साली माझी पत्नी पाच महिन्यांची गरोदर होती. १९ व्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची वाढ नीट झाली नसल्याचे दिसले. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवले आणि मला एकट्याला आत बोलावले. तेव्हा गर्भपाताची कायदेशीर मर्यादा २० आठवड्यांची होती, हातात चार-पाच दिवस होते. मी भावाशी बोललो, वडिलांशी बोललो, दुसऱ्या डॉक्टरांना अहवाल दाखवून आलो, आणि ठरवले. तिला इतकेच सांगितले की बाळाचे ठोके थांबले आहेत. तिला त्रास होऊ नये, निर्णयाचे ओझे तिच्यावर पडू नये, असे मला मनापासून वाटत होते. फॉर्मवर तिने सही केली. सही तिचीच होती, पण आपण कशावर सही करतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते.

तीन वर्षांनी कपाट आवरताना तिला ती फाइल सापडली. ती भांडली नाही, रडलीही नाही. जेवणाच्या टेबलावर अहवाल ठेवून तिने मला एवढेच विचारले की, ‘मी सुद्धा कदाचित हेच ठरवले असते, मग तुम्ही मला का नाही ठरवू दिले?’ मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. ते बाळ गेल्याचे दुःख आम्ही दोघांनी मिळून करायचे होते. मी ते एकट्याने केले आणि तिच्याकडून तिचा वाटा काढून घेतला.

म्हणून माझे म्हणणे असे, की नवऱ्याला दुःख होते हे खोटे नाही आणि त्याने ते बोलून दाखवू नये असेही नाही. पण ज्या शरीरात हे घडायचे आहे त्या शरीराचे बोलणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, आणि आपले दुःख नंतर, आपले म्हणून सांगावे. आपल्या यजमानांनी ‘बाबांना वाईट वाटेल’ असे म्हटले. त्यांना स्वतःला काय वाटते, हे त्यांनी सांगितलेच नाही. कदाचित त्यांनाही कोणी विचारलेले नसेल. त्या रात्री अडीच वाजता ते बाहेर बाकावर बसले होते, त्यांनाही काही आठवत असेलच.

पुढे आणखी मूल नको असे आमचे ठरले तेव्हा नसबंदी मी करून घेतली. भूल फक्त तेवढ्या भागापुरती, अर्धा तासही लागला नाही. वीर्यतपासणी स्वच्छ येईपर्यंत तीन महिने दुसरे साधन वापरावे लागले, एवढेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के निघाले. हे आकडे वाचल्यावर मला कसेसेच झाले. आपल्या घरातही हा विषय कधीतरी निघायला हवा. आज नव्हे, आज आपल्यापुढे वेगळे काम आहे.

—

मृद्गंध :

वरचा प्रतिसाद वाचून पुष्कळ वेळ काही लिहिता आले नाही.

माझी गोष्ट तुझ्याहून उलटी आहे, निशिगंधा. लग्नाला आठ महिने झाले होते, आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहत होतो. मला मूल हवे होते. नवऱ्याने सांगितले की आता परवडणार नाही, आणि संध्याकाळी येताना औषधाच्या दुकानातून गोळ्यांचे पाकीट घेऊन आला. डॉक्टर नाही, तपासणी नाही. ‘आपण नंतर घेऊच की’ असे तो फार प्रेमाने म्हणाला, पाण्याचा पेला त्यानेच हातात दिला. मी गोळी घेतली. माझ्यावर हात कोणी उगारला नाही, दार कोणी बंद केले नाही, म्हणून कितीतरी वर्षे मी स्वतःलाच सांगत राहिले की हे मीच केले. दहा दिवस रक्त जात राहिले आणि शेवटी पिशवी साफ करावी लागली, तेव्हा तेथील डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘तुझी इच्छा होती का गं?’ त्या प्रश्नाने मला जे रडू फुटले ते आवरेना.

हे सांगायचे कारण असे, की ‘ठेव’ म्हणणारी आणि ‘नको’ म्हणणारी माणसे वेगळी दिसतात, पण बाई दोन्हीकडे पडद्यामागे निऱ्याच खोचत असते.

परिचारिकाताईंचे मला सगळे पटले, पण ‘तुझ्यावरचे बंधन नव्हे’ हे वाक्य ऐकायला जितके सोपे आहे तितके जगायला नाही, हेही लिहिले पाहिजे. संमती एकटीची चालते हे खरे. पण त्यानंतर त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात उभे राहायचे असते आणि सासूबाईंनी अबोला धरला तर तो एकटीलाच सोसावा लागतो. त्यासाठी मनाची तयारी आधी कर. मी पुढे एक सवय लावून घेतली, ती सांगते. कोणाशीही बोलण्याआधी वहीत लिहायचे : मला कशाची भीती वाटते, मला काय हवे आहे, आणि कोणीच नाराज होणार नसते तर मी काय केले असते. ही शेवटची ओळ लिहायला मला दोन दिवस लागले होते. तू गणित शिकवतेस, तुला ती लवकर सुटेल असे म्हणवत नाही. ती तशी सुटत नाहीच. पण कागदावर आली की ती दुसऱ्याच्या वाक्यात मिसळून जात नाही.

आणि त्या डॉक्टरांकडे परत जाणे जिवावर येत असेल, तर दुसरे डॉक्टर गाठ. सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञांना तोटा नाही.

—

निशिगंधा (सोलापूर) :

सर्वांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहिते आहे.

वहीतील शेवटची ओळ मी परवा पहाटे लिहिली. काय लिहिले ते येथे सांगत नाही, पण लिहून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली आणि मी उभ्यानेच शेंगाचटणी-भाकरी खाल्ली.

काल दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. आत शिरताना माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मी चिठ्ठी लिहून नेली होती, तीच पुढे केली : ‘मला आधी एकटीला बोलायचे आहे.’ त्यांनी ती वाचली आणि यजमानांना अगदी साधेपणाने बाहेर थांबायला सांगितले. मी वीस मिनिटे बोलले. त्यांनी जुन्या फाइलीचे प्रत्येक पान पाहिले, पहिल्या वेळचे रक्तदाबाचे आकडे मला समजावून सांगितले, दोन्ही बाजूंचे धोके सांगितले, मूत्रपिंडाच्या आणि लघवीतील प्रथिनांच्या तपासण्या लिहून दिल्या. गोळ्यांची मुदत आता संपतच आली आहे. त्यासाठी घाईने हो किंवा नाही म्हणू नका, मार्ग बदलेल, संपणार नाही, असे त्या म्हणाल्या. सहीविषयी मी विचारले, तेव्हा ‘तुमची’ एवढेच उत्तर मिळाले.

परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा यजमानांनी मागे न वळता विचारले, ‘आत काय सांगितलेस?’ मी यंत्राच्या टिकटिकीचे सांगितले. सिग्नल हिरवा झाला, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले, तरी ते क्षणभर हलले नाहीत. मग म्हणाले की, त्या रात्री डॉक्टरांनी त्यांना आईला वाचवायचे की बाळाला, असे काहीतरी विचारले होते आणि त्यांनी कोणाचे नाव घेतले ते त्यांना आजही नीट आठवत नाही. चार वर्षांत हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. घरी आल्यावर आम्ही गच्चीवर बसून उशिरापर्यंत बोललो. त्यांना मूल हवे आहे, हे त्यांनी या वेळी बाबांचे नाव न घेता, स्वतःचे म्हणून सांगितले. मी ते ऐकून घेतले आणि मग वहीतील पान त्यांच्या हातात दिले.

सासूबाई माझ्याशी कालपासून बोललेल्या नाहीत. गुरुवारी तपासण्यांचे अहवाल घेऊन पुन्हा जायचे आहे. मुलीला सांभाळायला आई बार्शीहून पहिल्या गाडीने येणार आहे.